तबकडीवरचे नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर चार शब्द बोलू. विषय आम्हीच निवडावा असे त्यांनी मोठ्या मनाने सांगितले, आणि आम्ही ग्रामोफोनच्या तबकड्यांचा विषय कळविला, तेव्हा त्यांना थोडे आश्चर्य वाटले. ज्याचे आयुष्य पगारवाढ, बोनस आणि महागाईभत्ता यांवर भांडण्यात गेले, त्याचा गाण्याबजावण्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तो आपणांस दाखवावा एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७५ ते ८० च्या सुमारास, आपल्या उमरग्यात लग्न असो, उरूस असो की जत्रा असो, लाउडस्पीकरवाल्यावाचून ती पार पडत नसे. त्याच्या पत्र्याच्या पेटीत तबकड्या भरलेल्या असत. हिंदी चित्रपटांतील गाणी, मराठी लावण्या, कव्वाल्या, आणि आपला मुलूख सीमेवरचा असल्यामुळे कानडी भक्तिगीतेही त्यांत असत. कडुनिंबाला कर्णा बांधला, तबकडीवर सुई टेकली, की आम्ही पोरे त्या यंत्राभोवती कोंडाळे करून बसत असू. तबकडीच्या मधोमध एक गोल कागद चिकटविलेला असे. त्यावरची अक्षरे वाचण्याची आमची धडपड चाले. पण तबकडी फिरत असेतो अक्षरे लागत नसत, आणि ती थांबली म्हणजे गाणे संपलेले असे. गाणे आणि नाव एकाच वेळी कधी हाती आले नाही. त्या गोल कागदाचा, म्हणजे लेबलाचा, इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे.

हा विषय पुन्हा डोक्यात शिरण्यास निमित्त झाले ते आमच्या युनियनमधील एका सभासदाच्या मुलाचे. गेल्या वर्षी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, जुन्या रेकॉर्डी कुणाकडे पडल्या असतील तर सांगा." हा मुलगा रॅप म्हणतो, मोबाईलवर ताल जुळवतो. त्याने आम्हांस समजावून सांगितले की, अमेरिकेत हिपहॉप नावाचे जे गाणे आहे, त्याचे कारागीर जुन्या बाजारातील तबकड्यांची खोकी उपसतात, त्यांतून दोनचार सेकंदांचा ठेका किंवा सुरावट उचलतात, तीच पुन्हा पुन्हा फिरवितात आणि तीवर आपले नवे बोल बसवितात. ज्याला कोणी न ऐकलेली तबकडी सापडली तो मोठा. आम्ही त्यास विचारले, "ज्याचा ठेका उचलला, त्याचे नाव कोण घेतो?" तो गप्प बसला. मग आम्ही वाचू लागलो.

लेबल म्हणजे काय, हे कामगारांस सांगावयाचे तर एका शब्दात सांगता येईल : ते मस्टर आहे, हजेरीपट आहे. ज्याचे नाव मस्टरवर नाही, तो कामावर नव्हताच असे मालक म्हणतो. एका कारखान्यात तीन वर्षे राबलेल्या माणसाचा हात यंत्रात गेला. त्याचे नाव कोठेही लिहिलेले नव्हते. तो तेथे कामास होता, हेच आम्हांस सिद्ध करता येईना. शेवटी कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहावाल्याची उधारीची वही मिळाली. तीत त्या माणसाचे नाव रोजच्या तारखेसह, कपाच्या हिशेबासह लिहिलेले होते. त्या वहीच्या जोरावर त्यास थोडीफार भरपाई मिळाली. चहावाल्याने काही उपकार म्हणून नाव लिहिले नव्हते. त्याची ती सवय होती. ही वही आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

तबकडी येण्यापूर्वी गाण्यावर नाव कसे राहत असे? आपल्या लोकांनी त्यावर फार नामी तोड काढली होती. नाव गाण्यातच गुंफावयाचे. अभंगाच्या शेवटी तुका म्हणतो, नामा म्हणतो, दळण दळणारी जनी म्हणते. आपल्याच जिल्ह्यातील तेरचा गोरा कुंभार आपल्या अभंगात आपले नाव सोडतो. शाहिरांनीही हीच रीत पाळली. लावणीच्या वा पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात कवनकाराचे नाव येई. वामन कर्डकांची गाणी मराठवाड्यातील वस्त्यावस्त्यांत दुसऱ्यांच्या गळ्यांतून पोहोचली, तरी गाण्यातल्या 'वामन' या नावामुळे ती कोणाची हे ऐकणारास कळत राहिले. हे नाव पुसावयाचे तर गाणेच मोडावे लागते. मात्र या तोडग्याचा लाभ शब्द रचणारास झाला. मृदंग वाजविणारास, टाळ धरणारास तो मिळाला नाही, कारण वाद्यास आपले नाव उच्चारता येत नाही.

पुढे यंत्र आले. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात आला आणि त्याने तेथील गायिकांचे आवाज मुद्रित केले. त्यांत गौहर जान होती. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत खणखणीत सांगते. पुष्कळांस तो तिचा डौल वाटतो. त्यात डौल असेलही. परंतु त्यामागे व्यवहार होता. मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हर येथे जात, तबकड्या तेथे छापल्या जात, आणि तेथील कारागिरास आवाज कोणाचा हे कळून योग्य ते लेबल चिकटविता यावे, म्हणून नाव सांगावे लागे. १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि ती गरज सरली. तथापि आमच्या देशातील ग्रामोफोनच्या इतिहासाच्या आरंभीच एक बाई आपले नाव स्वतः उच्चारून मस्टरवर घालून घेते, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

परंतु तिच्या मागे सारंगी आणि तबला होता. त्यांस कोणी नाव विचारले नाही. ज्या लाखेपासून या तबकड्या बनत, ती लाख छोटा नागपूरच्या रानांत पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवरून आदिवासी खरवडून आणीत. त्यात दगडाची भुकटी व काजळी मिसळून तापलेल्या साच्यात तबकडी दाबली जाई. तीन मिनिटांच्या गाण्यामागे एवढी माणसे राबत. लेबलावर नाव मात्र गाणाऱ्याचे आणि कंपनीचे.

चित्रपट बोलू लागले तेव्हा तर गाणाऱ्याचे नावही गेले. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. त्यातील गाण्याने सारा देश वेडा झाला. तबकडीच्या लेबलावर गायिका म्हणून नाव होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! गाणारी होती लता मंगेशकर. श्रोत्यांनी गाणारी कोण म्हणून रेडिओकडे विचारणा केली, आणि मग खरे नाव बाहेर आले. लताबाई पुढे नावासाठी आणि साठीच्या दशकात स्वामित्वधनासाठी, म्हणजे रॉयल्टीसाठी, अडून बसल्या. या प्रश्नावर त्यांचा आणि महंमद रफी यांचा मतभेद झाला, आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे बंद केले. रफींचे म्हणणे असे की, एकदा मेहनताना घेतला की आपला हक्क संपला. कामगारांच्या भाषेत सांगावयाचे तर एक उक्ते काम मान्य करणारा, दुसरी कायम हक्क मागणारी. रफींच्या सज्जनपणाबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही आमचा कौल लताबाईंच्या बाजूने आहे.

गाणाऱ्यांची ही कथा, तर वादकांची काय असेल? मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याकडील वादकांचा केवढा मोठा हात होता, हे अलीकडे कोठे लोकांस कळू लागले आहे. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, जो ट्रम्पेट ऐकू येतो तो चिक चॉकलेट यांचा. त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझा रचीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, वाद्यमेळ रचणारे आणि गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून भारतीय रागांची पाश्चात्त्य पद्धतीने मांडणी केली. लेबलावर यांची नावे सहसा नसत. वादकांस ध्वनिमुद्रणाच्या दिवसाचे पैसे मिळत. तबकडी एक खपो वा लाख खपोत. गोन्साल्विस यांचे नाव अखेर सर्वतोमुखी झाले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका विनोदी गाण्यामुळे. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. त्यांनी गुरूचे नाव गाण्यात घातले. लोकांनी मात्र ते नायकाचे नाव समजून त्यावर नाच केला! गुरूचे नाव गाण्यात गुंफण्याची ही युक्ती वारकऱ्यांचीच म्हणावयाची, परंतु ती पुरी फळली नाही.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चर्चमधील भजनांची आर्तता घेऊन लौकिक सुखदुःखाचे जे गाणे १९५० नंतर उभे राहिले, त्यास सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तेथे मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली मोटाउन ही तबकड्यांची कंपनी काढली. ज्या साखळीपद्धतीने मोटार तयार होते, तशी त्यांनी गाणी तयार केली. साखळी आली तेथे साखळीवरचा बिननावाचा मजूरही आला. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत वाजविणारा वादकांचा एकच ताफा होता. त्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर ठळकपणे आली ती १९७१ साली, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये.

दोनच वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क या जमैकाहून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. त्याच्या ध्यानी आले होते की, गाण्यात जेथे केवळ ताल उरतो तेथे पोरे बेभान नाचतात. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा लांबविण्याची युक्ती काढली. हिपहॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी तबकडीचेच वाद्य केले, हा या कथेचा उजळ भाग. दुसरा भाग असा की, आपला ताल कोणत्या तबकडीतला हे प्रतिस्पर्ध्यास कळू नये म्हणून हर्क आणि त्याच्यासारखे इतर तबकड्या पाण्यात भिजवून लेबले काढून टाकीत. मालकाने नाव लिहिले नाही, आणि जे काही लिहिले होते ते गरिबाने धुऊन टाकले.

परिणाम काय झाला तो पाहा. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या मंडळीच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूस ग्रेगरी कोलमन या ढोलवादकाने सहासात सेकंद एकट्याने ठेका धरला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. बाजारात त्यावर अमाप पैसा झाला. कोलमन २००६ साली वारले. त्यांच्या सहकाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे ते अखेरीस निराधार होते, आणि त्या ठेक्याचा एक पैसाही त्यांस मिळाला नव्हता. २०१५ साली इंग्लंडमधील तबकडी वाजविणाऱ्या मंडळींनी वर्गणी गोळा करून मंडळीचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांस सुमारे २४,००० पौंड दिले. वर्गणी हा शब्द आमच्या ओळखीचा. जेथे हक्क मिळत नाही तेथे वर्गणी काढावी लागते. तिने माणसाची लाज राखली जाते, देणे मात्र फिटत नाही.

हे लोण आपल्या गाण्यांपर्यंतही आले. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचे एक गाणे गाजले. त्यात 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटातील लताबाईंचा आवाज होता, संगीत बप्पी लाहिरींचे होते, आणि नाव दोघांचेही नव्हते. लाहिरी न्यायालयात गेले. २००३ साली लॉस एंजलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की, लाहिरींचे नाव घातल्यावाचून ती तबकडी विकू नये. पैशाआधी नाव, हा क्रम न्यायालयासही मानावा लागला. याउलट २००५ साली ब्लॅक आइड पीज या मंडळीने 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांतील आशा भोसले यांच्या गाण्यांचे तुकडे घेतले. तेथे कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावे रचनाकारांत रीतसर लिहिली गेली, आणि त्या गाण्यास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. तेव्हा नाव लिहिल्याने गाणे पडते, असे कोणी म्हणू नये. मात्र 'डॉन'च्या गाण्यात जे ढोल आणि ट्रम्पेट वाजले, ते वाजविणारे येथेही पडद्याआडच राहिले.

आपल्यापैकी काही म्हणतील की, मुळात दुसऱ्याचा ताल घेणे हीच चोरी. आम्हांस हे मान्य नाही. घेतल्यावाचून संगीत वाढत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्रा'त कानडी आणि हिंदुस्थानी चाली घेतल्या. आमच्या कलापथकांनी चित्रपटगीतांच्या चालींवर चळवळीची गाणी रचली, आणि ती आम्ही संपात शेकडो वेळा म्हटली आहेत. परंतु संगीत नाटकाचे जुने पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर कंसात छापलेले असते : 'चाल', आणि पुढे मूळ गाण्याचा पहिला शब्द. कलापथकांच्या चार आण्यांच्या पुस्तिकांतही हीच रीत. त्या एका शब्दात साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. उघडपणे घ्या, कोणाचे घेतले ते डोक्यावर लिहा, आणि त्यातून मिळकत झाली तर त्याचा वाटा त्यास पोहोचवा.

नाव लिहावयाचे तर ते ठाऊक हवे, आणि येथेच तबकड्या जमविणारा छंदी माणूस कामास येतो. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवून तबकड्यांचे क्रमांक, तारखा, गाणाऱ्यांची नावे यांची नोंद केली. आपल्या शेजारच्या सोलापुरातही या मंडळींचे काम चालले. १९३५ ते १९५५ या काळात मुंबईत 'यंग इंडिया' या नावाने स्वदेशी तबकड्या निघत. हौशी आणि नवख्या गाणाऱ्यांनाही तेथे संधी मिळे. त्या तबकड्या चांदवणकरांनी शोधून त्यांचे जतन करविले; नाहीतर ते आवाज कायमचे मुके झाले असते.

एखादी तबकडी शोधण्याने काय घडू शकते? गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, हे आपण ऐकले असेल. परंतु निवड झाली तेव्हा ती तबकडी कोठे मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तिच्या प्रती सापडल्या. खोके उपसणारे कोणी भेटले नसते, तर यान केसरबाईंवाचून गेले असते.

छंदी मंडळींत दोषही आहेत. काही जण दुर्मीळ तबकडी कपाटात कोंडून ठेवतात आणि किंमत चढण्याची वाट पाहतात. हा साठेबाजीचाच प्रकार झाला. परंतु जो ऐकवितो आणि नोंद ठेवतो, त्याची वही ही आमच्या चहावाल्याच्या वहीसारखी असते. कायद्याचे दार आज थोडे उघडले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच ठरविला होता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांस रॉयल्टीचा वाटा दिला, आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तजवीज केली. गाणारे आणि वाजविणारे यांच्या हक्कासही कायद्यात जागा झाली. पण हक्क मागावयास गेलेल्यास पहिला प्रश्न हाच विचारतात : तुम्ही वाजविले, याला पुरावा काय?

म्हणून आमची आपणांस विनंती आहे. माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी असेल, तर ती भंगारवाल्यास देण्यापूर्वी एका वहीत प्रत्येक लेबलावरचा मजकूर उतरून घ्यावा, क्रमांकासह घ्यावा. १९९३ च्या भूकंपात आपल्या भागातील पुष्कळ घरांबरोबर अशा पेट्याही गेल्या; उरल्या आहेत त्या तरी लिहिल्या जाव्यात. आपल्या गावांत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजविणारे, हलगी, संबळ आणि ढोलकी वाजविणारे वृद्ध आहेत. त्यांपैकी कोणी कधी ध्वनिमुद्रणास गेले होते काय, कोणत्या गाण्यात वाजविले, किती पैसे मिळाले, हे त्यांच्या तोंडून ऐकून तारखेसह लिहावे.

त्या मुलास आम्ही पेटी मिळवून दिली. त्या लाउडस्पीकरवाल्याच्या घरी ती अजून होती. सुमारे साठ तबकड्या शाबूत निघाल्या. अट एकच घातली : आधी वही, मग ताल. गेल्या महिन्यात त्याने आपले पहिले गाणे आम्हांस ऐकविले. गाण्यात तो आपले नाव घेतोच. सारे रॅपवाले घेतात, आणि तुकोबांच्या मुलखात त्याचे नवल वाटावयास नको. पण त्याने गाण्याबरोबर दिलेल्या माहितीत वर एक ओळ लिहिली होती. 'चाल' असा शब्द, त्यापुढे जुन्या चित्रपटाचे नाव, तबकडीचा क्रमांक, संगीतकार आणि गायिका. त्याखाली ढोलकीवादक म्हणून जागा कोरी सोडली होती. आम्ही विचारले, "ही जागा कशासाठी?" तो म्हणाला, "शोधतोय, काका. सापडले की लिहितो."